प्रवरेच्या सासरी

"ज्या मानसानं आपल्या गावची नदी समुद्राला मिळताना डोळ्यांनी पाह्यली न्हाई, त्यानं जल्माला येऊन नुस्तं पानी पेलं," असे राधाकृष्णाने कोल्हारच्या पुलाजवळच्या हॉटेलात जाहीर केले, तेव्हा बाकावरचे चारही जण गंभीर झाले. राधाकृष्णाने स्वतः प्रवरा बेलापूरच्या पुढे पाहिली नव्हती. ती गोदावरीला मिळून समुद्राला जाते, ही बातमीही त्याला दहा मिनिटांपूर्वी मीच दिली होती. तोवर त्याची समजूत अशी, की नेवाशाच्या पुढे ती लोकांच्या उसात जिरून जाते.

मी नुकताच साखर कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालो होतो. तीस वर्षे दुसऱ्यांच्या उशिराची नोंद ठेवलेल्या माणसाच्या हाती रिकामा वेळ आला, की तो काहीही बोलतो. मी म्हणालो, "मग जाऊ की सायकलीनं!" ही थट्टा होती. राधाकृष्णाला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत थट्टा ओळखता आली नव्हती. एकाहत्तरची संक्रांत झाली, त्याचा ऊस तुटून गेला, आणि तो सायकलीला तेल घालून माझ्या दारात उभा राहिला.

निघताना त्याची बायको बनुबाई हिने खण आणि नारळ असे पुडके करून दिले. म्हणाली, "प्रवरा म्हंजी गावाची लेक. इतक्या वर्सांत तिच्या सासरी आपल्यातलं कुनी गेलं न्हाई. ओटी भरा, अन् सुखी हाय का इचारून या." मग चुलीतले लाकूड उगाच पुढे सारत म्हणाली, "वाटंत मुंगी बी लागतीया."

शेवगाव तालुक्यातले मुंगी हे त्यांच्या एकुलत्या एका लेकीचे, राहीचे सासर. आमच्याकडे लेकीला माहेरी आणायला घरचा माणूस जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी गेल्याशिवाय लेक येत नाही, आणि बोलावल्याशिवाय लेकीचा बाप जात नाही, अशी ही सोय आहे. दोन दिवाळ्यांपूर्वी जावई सूर्यभान दिवाळसणाला आला, तेव्हा राधाकृष्ण उसाला पाणी देत होता. त्याने स्टँडवर गड्याला, छगनला, पाठवले. "मला घ्यायला गडी?" असे म्हणून सूर्यभान त्याच एसटीने परत गेला. तेव्हापासून इकडून मुराळी नाही आणि तिकडून बोलावणे नाही. दोन्हीकडचे पुरुष मानाने जगत होते. राही आणि बनुबाई कशा जगत होत्या, हे कोणी विचारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुंगी आली. राधाकृष्णाने पायडल जोरात मारायला सुरुवात केली.

"राही इथंच ना?" मी विचारले.

"असंल."

"थांबायचं का?"

"बलिवलंय का कुनी?"

गाव मागे पडल्यावर दोनशे पावलांवर तो उतरला. चेन पडली म्हणाला. चेन जागेवर होती. त्याने ती काढली, पुन्हा बसवली, पुन्हा काढली, आणि एवढ्या वेळात एकदाही तिच्याकडे पाहिले नाही. तो गावाकडे पाहत होता. वाळत घातलेले प्रत्येक लुगडे त्याने नजरेखालून घातले. मी तीस वर्षांच्या सवयीने घड्याळ पाहिले. अठरा मिनिटे.

पुढचे तेवीस दिवस मी सगळे सांगत नाही. नदी कधी रस्त्याशेजारून आली, कधी जंगलात शिरून दोन-दोन दिवस दिसली नाही. नांदेडच्या पुढे भाषा बदलली आणि राधाकृष्णाने बदललेली भाषा मान्य करायला साफ नकार दिला. तेलुगू माणसांशी तो कोल्हारचेच मराठी, फक्त मोठ्याने, बोलत असे. त्याला सगळीकडे जेवायला मिळाले. मला, तोडकी हिंदी आणि मोडके इंग्रजी येत असल्यामुळे, दोनदा उपास घडला.

दर मुक्कामी तो गोदावरीत वाकून बघे. "ह्यात आपलं पानी कंचं?" मी म्हणे, "ते काय सांगता येणार?" तो म्हणे, "मला वळखू येतं," आणि एका लाटेकडे ओळखीच्या माणसाकडे बघावे तसे बघून हसे. राजमहेंद्रीला नदीचे रुंद पात्र पाहून मात्र तो सायकलीवरून उतरला. "लई मोठी झाली वो," एवढेच म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही.

सव्विसाव्या दिवशी अंतर्वेदीला रस्ता संपला. पुढे वाळू, आणि वाळूपुढे जे होते ते पाहून राधाकृष्णाने सायकल सोडून दिली. ती पडली. तो धोतर वर धरून पाण्यात गेला, ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि थुंकला.

"खारट हाय की!"

"समुद्र खाराच असतो."

"आमी धाडली तवा गोड हुती, टाइमकीपर! ऊस पिकवत हुती! ह्यांनी काय करून ठिवलं तिचं?"

रागारागातच त्याने ओटी भरली. खण पाण्यात सोडला, तो गेला. नारळ सोडला, तो लाटेबरोबर परत पायाशी आला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला तो कमरेइतक्या पाण्यात जाऊन फेकून आला. नारळ त्याच्या आधी किनाऱ्यावर पोचला.

"घेत न्हाईत," राधाकृष्ण म्हणाला. "सासर माजलेलं हाय."

शेजारी नाव उलटी घालून डांबर लावणारा एक म्हातारा नावाडी हे सगळे पाहत होता. त्याने हाताने विचारले, काय चाललेय? राधाकृष्णाने त्याला कोल्हारच्या मराठीत आणि दोन्ही हातांनी सांगितले. नदी दाखवली, कपाळावर कुंकू दाखवले, पदर घेऊन दाखवला, छातीवर हात ठेवला. म्हणजे ही माझी लेक आणि मी तिच्या सासरी आलोय. म्हाताऱ्याला सगळे कळले. त्यालाही लेकी असाव्यात. त्याने राधाकृष्णाच्या कपाळाकडे बोट केले, पदर घेतला, आणि भुवया वर केल्या. खरीखुरी लेक आहे का?

राधाकृष्णाने एक बोट दाखवले.

कुठे?

राधाकृष्णाने मागे, पश्चिमेला हात केला. हात बराच वेळ तसाच राहिला.

म्हाताऱ्याने त्या हाताकडे पाहिले, पडलेल्या सायकलीकडे पाहिले, समुद्राकडे पाहिले. मग हाताचा पंजा उताणा करून त्याने अगदी सौम्यपणे विचारले, मग इकडे कशाला आलास?

आणि तो पुन्हा डांबर लावू लागला.

राधाकृष्ण पाण्याच्या कडेला उभा राहिला. या वेळी मी घड्याळ पाहिले नाही. शेवटी माझ्याकडे वळून तो म्हणाला, "कारड हाय का एखादं?"

मी पोस्टकार्ड काढले. प्रसंग मोठा होता. मीही मोठ्या अक्षरात सुरुवात केली. 'चि. राहीस अनेक आशीर्वाद. महासागराच्या या अथांग तीरावर मानापमानाचे क्षुद्र ओहोळ विरून जातात...'

"हे तिला कशाला?" राधाकृष्ण म्हणाला. "नाव ऱ्हाऊ द्या, बाकी खोडा. माझं ल्ह्या. सूर्यभानरावांना रामराम. तवा चुकी माझी झाली. स्टँडावर मीच यायला पायजे हुतं. आता आगगाडीनं औरंगाबादला उतरून तिथनं तुला न्यायला येतो. मी सोता येतोय. कुनी बलिवलं न्हाई, तरी येतोय."

मी लिहिले.

"जागा उरली का?"

"दोन ओळी."

तो बसायला म्हणून वाळूकडे वाकला, कण्हला, आणि सायकलीच्या सीटकडे रागाने बघत पुन्हा सरळ उभा राहिला.

"मंग ल्ह्या, बापाला पाट मांडू नको म्हनावं. गोदडी टाक. चार घड्या घालून."