वळणावरची पेटी

“कृष्णातराव, जळाला!” टेस्टिंगचा तानाजी मोबाइल पुढे करत आत आला. “खाणीतला आपला ट्रान्सफॉर्मर जळाला. तिथल्या नाथाजी फोरमनचा मेसेज हाय.”

“माणसं?”

“ते न्हाई लिवलं.”

कृष्णातांनी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

कुपवाडच्या या कारखान्यात ते सव्वीस वर्षं डिझाइन करत होते. दोन वर्षांपूर्वी याच ट्रान्सफॉर्मरसाठी ते स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले होते. बोगद्याच्या वळणावर ओणवं होऊन टेप लावली, तर उंची जेमतेम साडेचार फूट. खाणीत गॅस साठतो, एक ठिणगी पुरते. म्हणून ट्रान्सफॉर्मर गार ठेवायला भरतात ते पेट घेणारं तेल त्यांनी टाळलं आणि आतला भडका आतच कोंडून धरील अशी जाड पोलादी पेटी काढली. “पत्रा पातळ करा, वजन उतरंल,” असं मालक अण्णा महिनाभर म्हणत होते. कृष्णातांनी ऐकलं नाही. पेटी वळणातून जावी म्हणून त्यांनी आतल्या कॉइल एकमेकींजवळ सरकवल्या.

पाऊण तासानं फोन लागला. तोवर अण्णाही टेबलाशी येऊन उभे होते.

“आवं सायेब,” पलीकडून नाथाजी ओरडला. तो मूळचा फलटणकडचा. “आत सगळी राख झालीया, पर पेटी जशीच्या तशी! भाईर ठिणगी न्हाई आली. आमी सात जण धा पावलांवर व्हतो.”

“आता कुठं आहात?”

“वर. उन्हात बसलोय.”

“सगळ्यांना फोन द्या जरा.”

“सगळ्यांस्नी?”

“हो. एकेकाला.”

कुणी नुसतं नाव सांगितलं, कुणी राम राम घातला, एकजण खोकतच राहिला. कृष्णात बोटांवर मोजत होते. सातवा आवाज ऐकला, तेव्हा कुठे ते खुर्चीत बसले.

मग ड्रॉइंग उघडून त्यांनी अण्णांपुढे सरकवलं. “कॉइल लय जवळ घेतल्या मी. हवा खेळायला जागा ऱ्हायली न्हाई. चूक माझीच हाय, अण्णा.”

अण्णांनी कागदावरच्या पेटीवर बोट टेकवलं. “पेटीची लांबी वाढवली तर वळणावर वळंल का?”

“वळंल. पेटीखालची चाकं आत घ्यावी लागतील.”

“मग घ्या. पत्र्याला हात लावू नका.”

कृष्णात बाहेर नळावर गेले. तोंडावर पाणी मारलं, आणि ओल्या हातानंच घरी बायकोला फोन लावला.

“काय वं, आत्ता मधीच?” शकुंतलानं विचारलं.

“काय न्हाई,” ते म्हणाले. “जेवलीस का?”