सोपे प्रश्न

आई माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्षाला प्रवेश घेणार हे कळलं तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. बावीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आता म्हणे त्याची पदवी हवी. घ्या ना, पण माझ्या वर्गात कशाला?

माझी सगळी भिस्त प्रवेशाआधीच्या चाचणीवर होती. गणित आणि भाषा, कॉम्प्युटरवर. साठच्या खाली गुण पडले की आधी सहा महिने तयारी वर्ग. तो आईला आणि पहिलं वर्ष मला, अशी वाटणी मी मनातल्या मनात करूनही टाकली होती.

आई सूचनापत्रक वाचायला बसली तर मी ते काढून घेतलं. "मी सांगते ना! प्रश्न अवघड व्हायला लागले की समजायचं, आपलं काही खरं नाही." हे मी असंच ठोकून दिलं होतं. पण मी इतक्या थाटात बोलते की माझं मलाच पटतं.

माझे पहिले चार प्रश्न डोक्यावरून गेले. कॅल्क्युलेटरला बंदी होती. मग मात्र प्रश्न सोपे होत गेले, शेवटी तर पोरखेळ. मी वेळेआधीच उड्या मारत बाहेर आले.

आई शेवटच्या मिनिटापर्यंत बसली होती. काचेतून दिसत होतं, हवेत बोटांनी मापं घेऊन अपूर्णांक सोडवत होती. बाहेर आली ती रडकुंडीला येऊनच. "एकाहून एक अवघड गं. बुडाले मी." मी तिला चहा पाजला. खोटं कशाला बोलू, तो चहा मला फार गोड लागला.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर निकाल मिळाला. आईला ब्याऐंशी, मला एकेचाळीस.

"उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा," कारकूनबाई म्हणाल्या. "पत्रकाच्या मागे छापलंय की."

मागची बाजू कोण वाचतं!

आई खिडकीला चिकटली. "ताई, मलाही तयारी वर्गातच टाका. पोरगी एकटी कशी बसेल?"

"ब्याऐंशीवाल्यांना नाही घेता येत."

"मग पुन्हा परीक्षा घ्या. नापास होऊन दाखवते!"

रांग खो खो हसली. माझी मात्र पाचावर धारण बसली, कारण ही बाई ते खरंच करेल. मी तिचा अर्ज ओढला, पहिल्या वर्षापुढे खूण केली आणि आत सरकवला.

"आई, तू पुढे जा. तू माझ्या वर्गात येऊ नयेस म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. ऐकलंस?"

"माहीत होतं गं," आई म्हणाली. "म्हणून तर मी पहिला बाक धरणार होते. तू मागे बसली असतीस. कुणाला कळलंही नसतं मी कोण ते."

मी इतकं मोठ्यांदा भोकाड पसरलं, की कारकूनबाईंनी खिडकी लावून घेतली.