सिस्टरच्या फोनमधली माणसं

सिस्टरना सगळे सिस्टरच म्हणत. इस्पितळातली नोकरी सोडून घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करू लागल्याला त्यांना नऊ वर्षं झाली होती. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाला नुसतं हात धरून चार पावलं चालवणं. सकाळी आठला बाहेर पडलेल्या सिस्टर संध्याकाळी घरी यायच्या, तेव्हा पाय भरून आलेले असायचे.

आधी त्या सगळं वहीत लिहीत. वर्षभरापूर्वी त्यांनी फोनवर औषधांच्या वेळा सांगणारं एक ॲप घेतलं. फुकट होतं, वापरायला सोपं होतं. रुग्णाचं नाव, आजार, गोळ्या, गोळ्यांच्या वेळा आणि घरचा फोन नंबर एकदा भरला, की काम झालं. वेळ झाली की फोन आपणहून वाजे.

त्यांच्या थोरल्या नणंदबाई एका महाविद्यालयात कॉम्प्युटरची खोली सांभाळत. जेवताना त्यांनी एकदा विचारलंही होतं, "एवढं सगळं फुकट देतात, तर त्यांचं पोट कशावर चालतं गं?"

"असेल काहीतरी, वन्सं," सिस्टर म्हणाल्या होत्या. "माझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय? मी भाजी कुठून घेते ते कंपनीला कळलं तर कळू दे की."

वन्संनी भाजीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

सिस्टरच्या रोजच्या घरांपैकी एक घर तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांचं होतं. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्याची नोकरी केली होती. रक्तदाब मोजून घेता घेता ते जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगत, म्हणून सिस्टर त्यांना गमतीनं 'ऑपरेटरकाका' म्हणू लागल्या. दुसरं कुणीच त्यांना तसं म्हणत नसे.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी काकांच्या आजाराचं नाव सांगितलं. स्मृतिभ्रंश. अजून सुरुवात होती. चष्मा फ्रीजमध्ये सापडे, एकच गोष्ट ते दोनदा सांगत, पण बाकी माणूस खणखणीत होता. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, लाडाचं नाव छकुली. दुसऱ्या गावी असायची. दोन वेळा पोटातलं बाळ गेल्यानंतर तिला आता सातवा महिना लागला होता आणि मनावर ताण नको, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

"सिस्टर, तिला हे मीच सांगणार," काका म्हणाले होते. "बाळ सुखरूप होऊ दे, मग. तोवर तुमच्या तोंडून अवाक्षर निघायला नको."

"नाही निघणार, काका."

आयत्या वेळी शब्द सापडले नाहीत तर, म्हणून काकांनी एका कागदावर सगळं लिहून ठेवलं होतं. तो कागद उशीच्या अभ्र्यात असे.

छकुली आठ दिवसांसाठी माहेरी आली. सिस्टर रक्तदाबासाठी येतात, एवढंच तिला ठाऊक होतं. चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर काकांच्या दंडाला पट्टा बांधत होत्या आणि बाहेरच्या खोलीत फोन वाजला. छकुलीनं तो घेतला.

"कोण? ऑपरेटरकाका? हो, माझे वडील एक्स्चेंजमध्येच होते... कसलं केंद्र?"

फोन ठेवून ती दाराशी आली. एक हात चौकटीवर होता.

"बाबा, एक बाई विचारत होत्या, विस्मरणाच्या रुग्णांसाठी त्यांचं निवासी केंद्र आहे, तिथे तुमच्यासाठी जागा बघायची का. संध्याकाळची गोळी वाढवल्यापासून काही फरक पडला का, असंही विचारलं." तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "कुठली गोळी, बाबा?"

काका सिस्टरकडे पाहत होते. सिस्टरना ती नजर सोसवेना.

"तिघांनाच माहीत होतं," ते हळूच म्हणाले. "डॉक्टर, मी आणि तुम्ही. उद्यापासून येऊ नका."

"काका, देवाशपथ, मी कुणालाही..."

"सोडा तो पट्टा."

त्याच दुपारी छकुलीचा रक्तदाब चढला आणि तिला इस्पितळात न्यावं लागलं. सिस्टरना ते नंतर कळलं. सकाळी त्या घरातून निघून जिना उतरताना त्यांच्या मनात एकच विचार घोळत होता: मी तर कुणापाशी बोलले नाही. पहिल्या मजल्यावर त्यांचे पाय थबकले. फोनवरची बाई 'ऑपरेटरकाका' म्हणाली होती. डॉक्टरांच्या कागदांवर तर काकांचं पूर्ण नाव होतं. मग हे नाव तिच्यापर्यंत गेलं कुठून?

त्या पायरीवरच बसल्या. फोन काढला, ॲप उघडलं. तिथे त्यांनीच भरलेलं होतं: ऑपरेटरकाका. स्मृतिभ्रंश. संध्याकाळची गोळी, वाढीव. घरचा नंबर.

संध्याकाळी त्यांनी फोन वन्संपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. 'मी म्हटलं नव्हतं का' असं वन्सं म्हणाल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि ॲपच्या अटी शोधून काढल्या. बारीक अक्षरातली पानंच्या पानं होती. पार खाली एक ओळ होती: सेवा अधिक उपयुक्त व्हावी म्हणून आपली माहिती आमच्या भागीदार संस्थांना दिली जाऊ शकते.

"भागीदार म्हणजे विकत घेणारे," वन्सं म्हणाल्या. "त्या केंद्रानं यादी घेतली असणार. आणि हे बघ. तू कुठल्या घरात किती वेळ थांबतेस, तेही यांना कळत होतं. तुझ्या फोनमधले सगळे नंबरही."

"पण मी कधी हो म्हटलं?"

"पहिल्या दिवशी. 'मान्य आहे' वर बोट ठेवलंस ना, तेव्हा."

सिस्टर यादी वर सरकवू लागल्या. तेवीस नावं होती. मनाच्या आजारावरच्या गोळ्या मुलांपासून लपवून घेणाऱ्या एक विधवा बाई. आपलं दुखणं कामाच्या ठिकाणी कळू नये म्हणून धडपडणारा एक तरुण गवंडी. प्रत्येकानं दार लावून घेऊन, आवाज खाली आणून सिस्टरना सांगितलं होतं.

"वन्सं, या लोकांनी कुठे मान्य केलं होतं? माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, म्हणत होते मी. अहो, यातलं माझं होतंच काय! सगळं यांचं होतं."

मग दोघी कामाला लागल्या. आधी कंपनीला पत्र लिहिलं: तेवीसही जणांची माहिती पुसा आणि पुसल्याचं लेखी कळवा. खातं बंद केलं, ॲप काढून टाकलं. मग वन्संनी फोनमधलं एकेक ॲप तपासायला घेतलं. साधी बॅटरी लावणाऱ्या ॲपला फोनमधले सगळे नंबर हवे होते. फोटो नटवणाऱ्या ॲपला सिस्टर कुठे आहेत ते चोवीस तास जाणून घ्यायचं होतं. एकेकाची परवानगी काढली. जाहिरातवाल्यांना फोन ओळखता यावा म्हणून त्यात असलेला क्रमांक पुसला. फोन बनवणाऱ्या कंपनीनं आधीच भरून दिलेली, कधी न उघडलेली ॲप्स बंद केली. ठिकाण सांगणारी सोय बंद केली. लागेल तेव्हा लावायची.

"आता कुणाला काही कळणार नाही ना?" सिस्टरनी विचारलं.

"बरंच कमी कळेल. अगदी काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. आणि गेलं ते गेलं, ते परत आणता येत नाही."

दोन दिवसांनी छकुली इस्पितळातून परत आली. ती आणि पोटातलं बाळ दोघंही बरी होती. सिस्टर न बोलावता तिसऱ्या मजल्यावर गेल्या. दार छकुलीनं उघडलं.

"काका, मी तोंडानं बोलले नाही, हे खरं आहे," सिस्टर उभ्या उभ्याच म्हणाल्या. "पण माझ्याकडूनच गेलं. मी तुमचं सगळं फोनमध्ये भरलं आणि तो कुणाकुणाला काय देतो, ते कधी बघितलं नाही. चूक माझी आहे. तुम्ही तक्रार केलीत तर मी नाही म्हणणार नाही."

काकांनी त्यांना बसायची खूण केली.

"एकतीस वर्षं मी दोन माणसांच्या मधे बसलो," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी आमच्या मुख्य बाईंनी शिकवलं, तार जोडायची आणि आपला कान काढून घ्यायचा. कुणाचा मृत्यू, कुणाचं लग्न मोडलेलं, सगळं माझ्या हातून जायचं. चुकून कानावर पडलं तरी मी घरी बायकोलासुद्धा बोललो नाही. ते माझं नव्हतंच. आता तुमच्या फोनच्या मधेही कुणीतरी बसलंय, सिस्टर. पण तो कान काढून घेत नाही. उलट ऐकतो, लिहून ठेवतो आणि बाजारात नेतो. आणि त्याला आत बसवतो कोण? आपणच."

"कळलं याचं मला वाईट वाटत नाही," छकुली म्हणाली. "आज ना उद्या कळणारच होतं. पण बाबा मला कसं सांगणार होते, ते आता मला कधीच ऐकायला मिळणार नाही."

काका उठले. अभ्र्यातून कागद काढून त्यांनी वाचायला सुरुवात केली. "छकुली, बाळाला मांडीवर घेऊन तू बसली असशील..." एवढं वाचून ते थांबले. तिची मांडी रिकामी होती. पुढची ओळ त्यांना वाचता आली नाही. छकुलीनं कागद हातातून घेतला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. सिस्टर उठून बाहेरच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

तक्रार झाली नाही. दुसऱ्या दिवशी काकांनीच सिस्टरना बोलावून घेतलं. पण सिस्टर तेवढ्यावर थांबल्या नाहीत. उरलेल्या बावीस घरी जाऊन त्यांनी हीच कबुली दिली. दोन घरांनी त्यांना कायमचं नको म्हटलं. ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. परिचारिकांच्या मासिक बैठकीत त्यांनी सगळी हकिकत स्वतःच्या नावानं सांगितली, आणि त्या दिवशी निम्म्या जणींनी आपापले फोन बाहेर काढून तपासून द्या म्हणून त्यांच्यापुढे धरले.

छकुलीला वेळेवर मुलगी झाली. नात आता दीड वर्षाची आहे. काका तिला बघून हसतात, कधी नावानं हाक मारतात, कधी नाव सापडत नाही. त्या सकाळचा तो फोन त्यांना आठवत नाही. सिस्टर मात्र तो विसरलेल्या नाहीत.

वाचकहो, आपला फोन आपल्या एकट्याचा नसतो. आईचं दुखणं, मित्राचा पत्ता, शेजारणीनं रडत रडत पाठवलेला निरोप, सगळं त्यात असतं. त्या माणसांनी विश्वास आपल्यावर टाकलेला आहे, कुठल्या कंपनीवर नाही. म्हणून आज थोडा वेळ काढून फोन उघडा. कोण काय मागतंय ते वाचा, आणि ज्याला द्यायचं कारण नाही त्याला नाही म्हणा. आपलं गुपित उघडं पाडायचा हक्क एक वेळ आपल्याला असेल. दुसऱ्याचं उघडं पाडायचा हक्क आपल्याला कुणीही दिलेला नाही.