चुलीमागे एक वाटा

संघप्रियानं स्टीलचा डबा गाडीच्या बॉनेटवर आपटला. बोकड अजून कडुनिंबालाच बांधलेला होता आणि मजेत पाला खात होता.

"इसरूभाऊ, कापणार कधी?"

"एक वाटा राह्यला ना बाई. सगळ्या वाट्याईले नावं लागल्याबिगर सुरी नाई लावत आमी." इसरू बिडी विझवत म्हणाला. त्याला कसलीच घाई नव्हती.

घाई फक्त तिलाच होती. वडिलांना आपल्या घरी न्यायला ती भद्रावतीहून पहाटेच निघाली होती. आई गेल्यापासून देवराव या गावात एकटेच राहत होते. सकाळी भात टाकायचे आणि तोच रात्रीही खायचे. गळ्याची हाडं दिसायला लागली होती. याआधीही ती आली होती, भांडली होती आणि रिकाम्या हातानं परत गेली होती. आजही त्यांनी हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं. "आज वाटे पडतेत. गावचं मटन घेऊन जाय," एवढंच बोलून ते बोकडाजवळ जाऊन बसले होते. तिला मटण नको होतं, माणूस हवा होता.

"मला मांडीचंच द्या थोडं. किलोभर. मी निघते," ती म्हणाली.

इसरू हसला. "मांडी तुमाले देल्ली तं बाकीच्याईले का शिंगं देऊ?"

बसलेले सगळे हसले. देवरावही हसले, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"बरं, मग तो राहिलेला वाटा मीच घेते. कापा आता."

"देवरावभाऊचा एक वाटा हायेच ना. चुलीमांगं एकच वाटा, बाई. हा कायदाच हाये आमचा."

"लाव तिचं नाव," देवराव बसल्या जागेवरूनच म्हणाले. "तिची चूल अलग हाये."

 म्हणजे याही वेळी ते येणार नाहीतच, संघप्रियाला वाटलं. तिनं गाडीचं दार उघडलं आणि उगाच जोरात लावलं.

कापणं झालं, तशी वाटणी सुरू झाली. पळसाच्या पानांवर वाटे मांडले गेले. प्रत्येकात थोडी मांडी, थोडी बरगडी, बोटभर कलेजी, आतडी. वजनाचा काटा नव्हता. वाटेकऱ्यांपैकी लच्छू वाकून बघायचा, या वाट्यातलं हाड उचलून त्या वाट्यात टाकायचा. मंगली ते परत जागेवर ठेवायची. ऊन डोक्यावर आलं. एव्हाना गाडी चंद्रपूर ओलांडून गेली असती, हे संघप्रियाच्या मनात सारखं येत होतं.

अखेर सगळ्यांचं समाधान झालं. आता कुठला वाटा कोणाचा, हे ठरवायचं. कोणी कुरकुर करू नये म्हणून एका जाणत्या माणसानं वाट्यांकडे पाठ करून नावं घ्यायची, ही इथली रीत. देवराव उठले आणि पाठमोरे उभे राहिले.

इसरूनं एका वाट्यावर बोट ठेवलं. "हा कोनाचा?"

"लच्छूचा."

"हा?"

"मंगलीचा."

एकेक पान उचललं जात होतं. मध्येच संघप्रियाचं नाव आलं. तिनं डबा पुढे केला आणि मान वळवून उभी राहिली.

"आन् हा शेवटचा?" इसरूनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पान उचलून देवरावांसमोर धरलं. त्यांचंच नाव तेवढं उरलं होतं.

"बुधरीचा," देवराव म्हणाले.

"बुधरी कुठी होती वाट्यात? हा तं तुहा हाये, भाऊ."

"तिच्या घरी जावई आला हाये. दे तिले."

"आन् तुह्या चुलीवर काय शिजवशीन?"

देवराव वळले.  लेकीच्या हातातल्या डब्याचं झाकण उघडून आत बघितलं, बोटानं एक नळी जरा बाजूला केली.

"हाडं मोठी ठेवली यानं," ते तिला म्हणाले. "तुह्या कुकरमंदी मावतीन का?"

त्यांनी सोबत यावं, हेच तिनं कितीदा तरी मागितलं होतं. आता मिळालं, तर सकाळपासूनचा राग कुठे ठेवावा ते तिला कळेना. गावात ज्याची चूल नाही त्याचा वाटाही नाही, हे इसरूला ठाऊक होतं, लच्छूला ठाऊक होतं. सगळे जमिनीकडे बघत होते.

"मावतील, बाबा," ती म्हणाली.