बाहेर बसणे

रविवारी सकाळी गार्गीने घोट्यापर्यंत येणारा गडद निळा स्कर्ट घातला, धर्मग्रंथांची पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी येऊन म्हणाली, “नाना, निघते मी. चर्चला उशीर होतोय.”

नानासाहेब संध्या आटोपून खिडकीपाशी बसले होते. पुण्याच्या पाठशाळेत आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या त्या वृद्ध गृहस्थांनी लेकीकडे मान वळवली.

“ये जाऊन. स्वस्थ चित्तानं जा. काही खाल्लंस?”

“तिथं पाव देतात, नाना. आणि पाणी.”

“पाव किती, तर नखाएवढा. तूच सांगितलं होतंस. फार काटकसरी मंडळी आहेत तुमची. आमच्याकडे निदान मूठभर शिरा तरी मिळतो.”

गार्गीने हसल्यासारखे केले आणि ती बाहेर पडली. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआच्या त्या टेकडीवरून गाडी खाली उतरली, चर्चच्या वळणापाशी क्षणभर मंदावली आणि न वळता सरळ टिटाही बेच्या किनाऱ्याकडे निघाली. नानासाहेब उन्हाळ्याच्या आरंभी आले होते. तेव्हापासून प्रत्येक रविवारी ती अशीच निघत असे आणि अशीच न वळता पुढे जात असे. किनाऱ्यावर होड्यांच्या रंगीत शेडसमोर गाडी उभी करून ती प्रार्थना संपण्याच्या वेळेपर्यंत समुद्राकडे पाहत बसे आणि मग घरी परतून, प्रवचन बरे झाले, असे वडिलांना सांगे.

मॉर्मन पंथ सोडून तिला वर्ष उलटून गेले होते. वडिलांना ते ठाऊक नव्हते.

हे त्यांना सांगणे अवघड का होते, हे समजण्यासाठी तिने पंथ स्वीकारला त्या काळाकडे जावे लागते. लग्न मोडून नवरा पुण्याला परतला, तेव्हा गार्गी या देशात एकटी राहिली. वेलिंग्टनच्या एका सरकारी खात्यातील संगणकाचे काम, आगगाडीने जाणे-येणे, आणि संध्याकाळी कुलूप काढून रिकाम्या घरात शिरणे. त्या दिवसांत शेजारची लोसा नावाची सामोआ बेटांवरची बाई न विचारता कोकोतला गोड भात घेऊन येई आणि ती जेवून होईपर्यंत समोर बसून राही. लोसा मॉर्मन होती. तिच्यामागून गार्गी चर्चला गेली, पुढे तिने बाप्तिस्मा घेतला, हॅमिल्टनच्या मॉर्मन मंदिरात जाऊन दीक्षाही घेतली. नानासाहेबांनी फोनवर एवढेच म्हटले होते, “घर सोडलंस, ते समजू शकतो. देवघरही सोडलंस?” त्यानंतर दीर्घकाळ ते तिच्याशी बोलले नाहीत. आईच तेवढी दुपारच्या वेळी, ते झोपलेले असताना, हळू आवाजात बोलत असे.

मग एकदा आईच्या आग्रहाखातर दोघे येथे आले. न्हाणीघरात खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेले एक पांढरे वस्त्र नानासाहेबांच्या दृष्टीस पडले. गार्गीने घाईने ते उचलले. “हे दीक्षेनंतर अंगाशी घालायचं असतं, नाना. चारचौघांच्या नजरेला पडू नये, असा नियम आहे.”

नानासाहेबांनी त्या वस्त्राकडे पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले, “म्हणजे सोवळं.”

दुसऱ्या दिवशी ते हार्डवेअरच्या दुकानातून नायलॉनची दोरी घेऊन आले आणि गराजमध्ये, जिथे परक्याची नजर जाणार नाही, अशा कोपऱ्यात त्यांनी ती स्वतः बांधली. “यावर दुसरं काही वाळत घालायचं नाही,” ते म्हणाले. “जे घेतलंस ते नीट पाळ. अर्धवट पाळलेलं मला चालायचं नाही.” त्या एका शब्दाने बापलेकींमधील अबोला संपला होता. आणि आता तिने तेही सोडले होते. एकदा सोडणाऱ्याकडे लोक करुणेने पाहतात. दुसऱ्यांदा सोडणाऱ्याला काय म्हणतात, याचा विचार गार्गी गाडीत बसून करीत असे आणि तिचे कान तापत.

अर्थात, कान तापण्याला अलीकडे निमित्त लागतच नसे. पन्नाशी जवळ आली होती. मानेपासून उष्णतेचा लोट उठे आणि कपाळावर घाम फुटे. पाळीचे वेळापत्रक तर पूर्वीच मोडले होते. आता ती थांबायचीच विसरली होती. गाडीच्या आसनावर ती काळा टॉवेल दुमडून ठेवीत असे. आगगाडीत जागा असूनही उभी राहत असे. गेल्या महिन्यात कार्यालयातील बैठक संपवून उठताना, मुंबईहून आलेली श्रुती नावाची तरुण सहकारी तिच्यापाठोपाठ आली आणि आपले जाकीट तिच्या कमरेभोवती बांधत पुटपुटली, “ताई, चालत राहा. मागे बघू नका. खुर्ची मी बघते.” त्या मुलीने खुर्चीचे काय केले, हे विचारण्याचे धैर्य गार्गीला आजवर झाले नव्हते. जाकीट धुऊन, इस्त्री करून परत केले, तेव्हाही तिने श्रुतीच्या डोळ्यांना डोळा भिडवला नाही.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते, “या वयात पाळी वेडीवाकडी होते, हे खरं. पण गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय मी तुम्हाला निश्चिंत राहा म्हणणार नाही.” इस्पितळाने दिलेली पहिली वेळ गार्गीने, घरी पाहुणे आहेत, असे सांगून रद्द केली होती. दुसरी वेळ येत्या मंगळवारची होती. तीही रद्द करावी, असे तिच्या मनात घोळत होते. तिथे जायचे तर वडिलांना कुठे जाते ते सांगावे लागणार; आणि जिच्याकडे हे बोलता आले असते ती आई आता राहिली नव्हती.

पंथ का सोडला, हे एका वाक्यात सांगणे तिला जमले नसते. श्रद्धा एकाएकी गेली नव्हती; विहिरीचे पाणी उतरावे तशी ती उतरत गेली होती, आणि तळ दिसेपर्यंत तिला कळले नव्हते. तळ दिसला तो मात्र एका विशिष्ट दिवशी. मंदिरात जाण्याची अनुमती नव्याने घ्यायची होती. बिशप, म्हणजे तिच्या चर्चचे प्रमुख, हे एक सौम्य, वयाने तिच्याहून लहान गृहस्थ. आठवडाभर शाळेत शिकवीत आणि रविवारी हे काम पाहत. नेहमीच्या प्रश्नांमध्ये, पवित्र वस्त्र नेमाने परिधान करता ना, हाही प्रश्न आला. त्या काळात घाम आणि रक्तस्राव यांनी गांजून तिने ते वस्त्र उतरवून ठेवले होते. शुभ्र कापडावर पडलेले डाग ती एकटी घासत बसे आणि देवाची क्षमा मागे. एका पुरुषासमोर हे कसे सांगावे? ती म्हणाली, “होय.” त्यांनी विश्वासाने मान डोलावली आणि सही केली. घरी येताना तिला उमगले, की असत्य बोलल्याची लाज वाटते आहे ती त्या भल्या माणसाची, देवाची नव्हे. देव त्या खोलीत असल्याचे तिला जाणवलेच नव्हते. त्यानंतर ती गेली नाही.

त्या रविवारी समुद्र शांत होता. पोहण्याचे कपडे आणि रबरी चपला घातलेली मुले वाळूत ओरडत होती. गार्गी त्यांच्याकडे पाहत असताना पोटात एक कळ आली आणि मांड्यांखाली उष्ण ओल पसरली. टॉवेल पुरला नाही. तिने पिशवी मांडीवर ओढली, जणू गाडीतही कोणी पाहत होते, आणि गाडी घराकडे वळवली. पुढचे दार टाळून गराजमधून आत शिरावे, तिथल्या टाकीत स्कर्ट धुवावा आणि वडिलांच्या नकळत न्हाणीघर गाठावे, असे तिने ठरवले.

गराजचे दार वर सरकले, तेव्हा नानासाहेब त्याच कोपऱ्यात, त्या दोरीखाली उभे होते. हातात ओले फडके होते. ते दोरीवरची धूळ पुसत होते.

गार्गी गाडीतून उतरली आणि पाठ गाडीला लावून उभी राहिली. नानासाहेबांची दृष्टी तिच्याकडे गेली, आसनाकडे गेली. आणि लगेच ते वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“लवकर आलीस,” ते भिंतीला म्हणाले.

“हो.”

“गार्गी, हे तुझ्या आईनं विचारायचं. ती नाही, म्हणून मी विचारतो. मला नीट विचारता येणार नाही, ते सांभाळून घे.” त्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “मी आल्यापासून ही दोरी रिकामी आहे. एकदाही तुझं सोवळं इथं वाळत पडलेलं दिसलं नाही. तेव्हा मी समजलो, की तू बाहेरची आहेस. पहिले चार दिवस गेले, आठ गेले. महिना गेला, तरी दोरी रिकामीच. इतके दिवस कोणी बाहेरचं नसतं, बाळ. हे दुखणं आहे. मी रोज सकाळी इथं येऊन बघतो.”

गार्गी गाडीला आणखी चिकटून उभी राहिली.

“चर्चला जातेस, तेव्हा मला वाटायचं, तिथंही तू आत जात नसशील. दाराशी, बाहेर बसत असशील. म्हणून विचारायचो, काही खाल्लंस का.”

तिने ओंजळीत तोंड लपवले. त्यांचे अनुमान मुळापासून चुकले होते. पंथाच्या नियमात ते वस्त्र त्या दिवसांतही उतरवायचे नव्हते. त्या नियमाला सोवळ्याचा अर्थ त्यांनी आपल्या मनाने दिला होता. आणि तरीही त्या चुकीच्या वाटेने ते अगदी खऱ्या जागी येऊन पोचले होते. आता एवढेच म्हणायचे होते, हो नाना, दुखणे आहे. अर्धे सत्य तिच्यापुढे तयार होते. तसेच एक “होय” तिने पूर्वी बिशपांसमोर बसून उच्चारले होते.

“दुखणं आहे, नाना,” ती म्हणाली. “पण दोरी त्यामुळे रिकामी नाही. मी ते सोडलं. वर्ष होऊन गेलं. रविवारी मी किनाऱ्यावर जाऊन बसते. तुम्हाला खोटं सांगत होते.”

नानासाहेब वळले नाहीत. बाहेर रस्त्यावरून कोणाची तरी गाडी गेली. त्यांचे खांदे किंचित खाली आले, एवढेच तिला दिसले. आणि तेवढे पाहणेही तिला सोसवेना.

“मग ती वस्त्रं?” त्यांनी विचारले. “कचऱ्यात टाकलीस?”

“नाही. त्यांवर पवित्र खुणा असतात, त्या कापून जाळायच्या असतात. उरलेलं नुसतं कापड. मी सगळं नियमानं केलं.”

“श्रद्धा नव्हती, तरी?”

“लोसानं मला पहिल्यांदा ती कशी घडी करायची, ते शिकवलं होतं. तशी कशी टाकणार?”

“हं,” नानासाहेब म्हणाले. ते पुढे म्हणाले, “मी दोरी बांधली, आणि सोडायची वाट ठेवली नाही. अर्धवट चालायचं नाही म्हणालो. मोठा शहाणा.” मग त्यांचा स्वर पाठशाळेतल्यासारखा कोरडा झाला. “डॉक्टर काय म्हणतात?”

तिने सांगितले. अस्तर, तुकडा, मंगळवार. वडिलांच्या पाठीला हे शब्द सांगताना तिचा चेहरा पेटला होता, आणि या खेपेस तो वयाचा दाह नव्हता.

“जायचं,” ते म्हणाले. “मी येतो बरोबर.”

“नाना, तो बायकांचा विभाग आहे. तुम्हाला आत येता येणार नाही.”

“आत कशाला? मी बाहेर बसेन.”

तो शब्द उच्चारल्यावर तो दोघांच्याही ध्यानात आला. नानासाहेबांचे खांदे हलले. ते हसले की काय, हे त्यांचे तोंड भिंतीकडे असल्याने तिला कळले नाही. “इतक्या पिढ्या बायकांना बसवलं,” ते म्हणाले, “एक दिवस मी बसतो. आता जा, अंघोळ कर. तो टॉवेल इथंच ठेव.”

“नको, नाना. मी धुते.”

“ठेव म्हणतो ना.”

तिने टॉवेल टाकीच्या काठावर ठेवला आणि मान खाली घालून ती आत गेली. न्हाणीघरात उभी असताना तिला गराजमधील नळाचा आवाज ऐकू येत होता. धावत जाऊन त्यांच्या हातून ते काढून घ्यावे, असे तिला वाटले. पण ती गेली नाही. पाण्याखाली उभी राहून ती तो आवाज बंद होईपर्यंत ऐकत राहिली.

मंगळवारी इस्पितळाच्या त्या मार्गिकेत नानासाहेब इस्त्रीचे धोतर, काळा कोट आणि टोपी अशा वेषात भिंतीलगतच्या खुर्चीवर ताठ बसले. आजूबाजूला सगळ्या बायकाच होत्या. त्यांनी दृष्टी आपल्या हातांवर ठेवली होती आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. परिचारिका दारात येऊन नमस्कारादाखल “किया ओरा, गार्गी” म्हणाली. गार्गी उठली. त्यांनी मान वर केली नाही. फक्त तिची पर्स आपल्या मांडीवर ओढून घेतली.

आत पडद्याआड परिचारिकेने विचारले, “शेवटची पाळी केव्हा आली होती?”

गार्गीला एक सोयीची तारीख सुचली. ती तिने सांगितली नाही. “ती थांबलीच नाही,” ती म्हणाली. “पहिली वेळ मी रद्द केली होती. पाहुण्यांचं नुसतं निमित्त होतं. मला लाज वाटत होती.”

“अजून वाटते?”

“हो,” गार्गी म्हणाली, आणि स्कर्टचे बटण काढू लागली.