पाच देशांना चालणारा हात

सगळे अरब एक आहेत. त्यांची भाषा एक, रक्त एक, आणि पाहुण्यापुढे ठेवलेल्या चहाची वाफही एकच.

हे वाक्य माझं आहे. रमजानात दाखवायच्या चहाच्या जाहिरातीसाठी मी ते लिहिलं आणि पाच देशांच्या पाच वितरकांकडून मंजूर होऊन यायला त्याला सात आठवडे लागले. मोरोक्कोला 'रक्त' नको होतं. इराकला रक्त चालत होतं, पण वाफ पोरकट वाटत होती. शेवटी भाषा, रक्त आणि वाफ तिन्ही गेली आणि 'सगळे अरब एक आहेत' एवढंच उरलं. त्यावर कोणी आक्षेप घेतला नाही, कारण तेवढं कोणी वाचलंच नव्हतं.

मग पेल्यावरून अडलं.

"कंबर बारीक असलेला पेला दाखवला तर तो बगदादचा," दिमा म्हणाली. ही बैरूतची बाई आमची निर्माती. तिने सिगारेट सोडून चार महिने झाले होते आणि त्याची शिक्षा अम्मानमधलं आमचं सगळं ऑफिस भोगत होतं. "नक्षीचा दाखवला तर मोरोक्कोचा. कानाचा दाखवला तर सौदीवाले म्हणतात, हा काय दवाखान्यातला आहे? आता मी चहा ओंजळीत देऊ का?"

झुहदीने पिशवीतून एक पेला काढून टेबलावर ठेवला. साधा, सरळ, बिनचेहऱ्याचा.

"हा घ्या. कुठल्याच देशाचा नाही."

"कुठे मिळाला?"

"बाजारात. चीनचा आहे. म्हणून तर."

झुहदी, म्हणजे मुलाच्या नावावरून अबू रमझी, आमच्याकडे कागद सांभाळायचा. परवाने, सीमेवरच्या याद्या, शिक्के. एका देशातून दुसऱ्या देशात कॅमेरा न्यायचा तर प्रत्येक भिंगाचा क्रमांक, प्रत्येक तारेची लांबी, तीन प्रतींत, निळ्या शाईत लिहावी लागते. लाल शाई एका सीमेवर चालत नाही, काळी दुसऱ्या सीमेवर नक्कल समजतात. बावीस वर्षांत झुहदीची एकही यादी परत आली नव्हती. त्याचं एक तत्त्व होतं आणि ते तो नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवायचा: "खिडकीत सरकवलेला कागद परत मागायचा नाही. तो आत पडलेला असतो तोवर आपण रांगेत असतो. परत घेतला की आपण रस्त्यावर."

तो स्वतः मात्र जॉर्डनबाहेर कधीच गेला नव्हता. आईबाप सदुसष्टच्या युद्धात गाझाहून आले आणि जेराशच्या निर्वासित छावणीत राहिले. झुहदी तिथेच जन्मला. त्याचा पासपोर्ट दर दोन वर्षांनी मरायचा आणि नागरिकत्व नसल्यामुळे राष्ट्रीय क्रमांकाच्या रकान्यात एक आडवी रेघ असायची. त्या रेघेकडे पाहून जगातल्या कुठल्याही खिडकीमागचा माणूस म्हणायचा, "बसा जरा." आमचा कॅमेरा अकरा देश फिरून आला होता. त्याला क्रमांक होता.

कैरोला झुहदीची मोठी बहीण होती, बहीजा. लग्न होऊन गेली त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यानंतर दोघांची भेट नाही. दर शुक्रवारी नमाजानंतर फोन. हल्ली तिच्या फोनचा कॅमेरा बिघडला होता, त्यामुळे नुसता आवाज, आणि तोही जरा जड.

"दात काढलेत तिने," झुहदी मला म्हणाला होता. "चार एकदम. डॉक्टर आहे की गवंडी, देव जाणे."

या जाहिरातीतली आजी कैरोत चित्रित करायची ठरल्यावर झुहदीने बावीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं. दोन गोष्टी. यादीत त्याचं नाव घालावं, 'सामानाचा रखवालदार' म्हणून. आणि आजी म्हणून बहीजाला घ्यावं.

"तिला अभिनय येतो?" दिमाने विचारलं.

"पोरी, ती सासूबरोबर एकोणीस वर्षं राहिली."

दिमाने दोन्ही कबूल केलं. परवाना अकरा जणांचा मागितला, आला दहा जणांचा. झुहदीच्या नावापुढे 'विचाराधीन' असं लिहिलं होतं. तो विमानतळापर्यंत आला, खोकी मोजली, यादीवर सही केली, आणि दिमाच्या हातात वाळवलेल्या मरमियाच्या पाल्याची पुडी दिली. आमच्याकडे चहात तो टाकतात.

"तिला म्हणावं, आईच्या अंगणातला आहे. खरं तर बाजारातला आहे. पण म्हणावं तसं."

चित्रीकरण तीन दिवसांत आटोपलं. परत आल्यावर झुहदी रोज विचारायचा आणि दिमा रोज म्हणायची, "जोडून होऊ दे, अबू रमझी. मग नीट दाखवते." तेव्हा मला वाटलं, सिगारेट नाही म्हणून ती अशी तुटक बोलतेय.

आठव्या दिवशी पाचही देशांचे आक्षेप आले. ते सभेत मोठ्याने वाचायचं काम झुहदीचं, कारण त्याच्या तोंडून काहीही कायदेशीर वाटायचं.

"एक," त्याने चष्मा लावला. "पुदिना दिसतो. तीन देश पुदिना घालत नाहीत. काढावा. दोन. आजीच्या ओढणीची गाठ विशिष्ट जागेची वाटते. चेहरा कापून फक्त हात ठेवावा." त्याने कागदावरून वर पाहिलं. "गाठ बरोबर ओळखली हरामखोरांनी. आमच्याकडचीच आहे. तीन. गालिचा इराणी वाटतो. चार. वृद्धा डाव्या हाताने चहा देते. पाचही देशांत असभ्य. पुन्हा चित्रित करावं."

"पाचही देशांचं एकमत झालेलं पहिल्यांदाच बघतोय," मी म्हणालो. दिमा खिडकीबाहेर बघत होती.

झुहदीने चौथा मुद्दा पुन्हा वाचला, या वेळी मनात.

"ती डावरी नाहीये," तो म्हणाला. "लहानपणी मी डाव्या हाताने भाकरी उचलली की तीच मला चापट मारायची."

मग तो कागद घडी घालून टेबलावर ठेवत म्हणाला, "दाखव, दिमा."

संकलकाने पडद्यावर मूळ चित्रण लावलं. बहीजा सतरंजीवर बसली होती. डाव्या हाताने किटली उचलत होती. जड होती, पण उचलत होती. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. उजवा हात मांडीवर शालीखाली ठेवलेला होता, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घ्यावी तसा.

"कधी झालं?" झुहदीने विचारलं.

"हिवाळ्यात," दिमा म्हणाली. "मला शपथ घातली होती, अबू रमझी. म्हणाली, त्याला सांगितलंस तर तो सीमेवर जाऊन बसेल आणि तिथेच म्हातारा होईल."

"दात सगळे आहेत ना?"

"सगळे आहेत."

झुहदीने मान हलवली. मग कामाचंच बोलला.

"पुन्हा चित्रण कशाला? चित्र उलटं करा. आरशासारखं. डावा हात उजवा होईल."

"मागे भिंतीवर दिनदर्शिका आहे," संकलक चाचरत म्हणाला. "अक्षरं उलटी दिसतील."

"अक्षरं पुसा. हात राहू द्या."

दोन मिनिटांचं काम होतं. बहीजाचा मेलेला हात चौकटीबाहेर गेला आणि उरलेला हात पाच देशांना चालेल असा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुहदी वकिलातीच्या खिडकीत गेला. मी सोबत होतो. चित्रीकरणाच्या अर्जाला आता अर्थ नव्हता, चित्रीकरण संपलं होतं. आजारी बहिणीला भेटायला वेगळा अर्ज करावा लागतो आणि एका पासपोर्टवर दोन अर्ज चालत नाहीत.

"जुना मागे घ्या, मग नवा भरा," खिडकीमागचा माणूस म्हणाला. तो वाईट नव्हता, पेन त्यानेच दिलं.

"थांब," मी झुहदीच्या कानात म्हणालो. "तूच सांगत असतोस ना?"

"उस्ताद, मी आयुष्यभर खोट्या कारणाने रांगेत उभा राहिलोय. आज पहिल्यांदा खरं कारण आहे. ते तरी लवकर सुटेल."

आणि त्याने सही केली.

सहाव्या दिवशी जुन्या यादीला उत्तर आलं. सामानाचा रखवालदार मंजूर झाला होता. मंजुरीवरची सही अर्ज मागे घेण्याच्या आदल्या दिवशीची, फक्त कागद टपालात होता. खाली दुसऱ्या हस्ताक्षरात लिहिलं होतं: अर्जदाराने विनंती मागे घेतल्याने रद्द. झुहदीने तो कागद धारिकेत लावला, वर तारीख घातली, निळ्या शाईत. नवा अर्ज विचाराधीन होता.

रमजानच्या नवव्या दिवशी बहीजा गेली. कैरोत तिला त्याच दुपारी पुरलं. पोचवायला झुहदी नव्हता.

तिचा शोक जेराशच्या छावणीत, बिरादरीच्या बैठकीत झाला. रोजा सुटल्यावर माणसं येत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत, कडू कॉफीचा एक घोट घेत, "बाकीचं आयुष्य तुला लाभो," म्हणत आणि उठत. कोपऱ्यात टीव्ही होता. अजानची वेळ कळावी म्हणून लावलेला, नंतर आवाज बंद केला होता, टीव्ही कोणी बंद केला नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी जाहिरात लागली. बिनचेहऱ्याच्या पेल्यात चहा पडला. एक म्हातारा हात पुढे आला, मनगटापर्यंत बाही, अंगठीचं बोट जरा वाकडं. माझं वाक्य आलं असणार, ऐकू आलं नाही.

"अरे, ही तर बहीजाची अंगठी," दाराशी बसलेली झुहदीची मावशी म्हणाली. ती ऐंशीच्या पुढची होती आणि तिला कोणी गप्प बसवत नसे. "बघा, बघा. उजव्या हाताने देतेय. आणि ते कैरोवाले काय सांगत होते, हात गेला होता म्हणे. लोकांची जीभच वाईट. पोरगी शेवटपर्यंत धडधाकट होती. काय रे झुहदी?"

सगळे झुहदीकडे बघू लागले. मीही.

"हो मावशी," तो म्हणाला. "धडधाकट होती."

मावशीने समाधानाने मान हलवली आणि शेजारणीला पुन्हा सगळं सांगायला घेतलं. झुहदी उठला आणि कॉफीची किटली घेऊन आल्यागेल्याला वाढू लागला. उजव्या हाताने.

जाहिरात अकरा दिवस चालली. बाराव्या दिवशी कंपनीने पाकिटाचा रंग बदलला, म्हणून ती काढून टाकण्यात आली.