शेवटच्या बाकावरची रूमी टोपी

कमरोद्दीन साहेबांनी फळ्यावर वर्तुळ काढलं की गुलमंडीतला बांगडीवाला माप घ्यायला कॉलेजात यायचा, असं लोक सांगत. यातलं निम्मं खोटं धरा. बांगडीवाला स्वतः येत नसे, नोकराला धाडायचा. पण हात तसाच होता. निजामाच्या राजवटीत त्यांनी सारा जन्म गणित उर्दूतून शिकवलं. पोलीस ॲक्शन झाली, कॉलेजातून उर्दू गेली, आणि एका सुट्टीत या माणसाच्या हातचा खडू गेला.

त्या फळ्यासमोर आता करमाडचा रामकिसन उभा राहिला. शेतकऱ्याचं पोर, नागपूरहून एम. ए. होऊन आलेलं. डोक्यात गणित गच्च भरलेलं, पण तोंडातून निघताना त्याचा पार भुगा व्हायचा. पहिल्याच दिवशी तो फळ्याकडं तोंड करून इतका वेळ बोलला, की पाठीमागं सगळा वर्ग उठून गेला. त्याला ते कळलं, शिपाई कुलूप घेऊन दारात खोकला तेव्हा.

प्राचार्य तात्यासाहेब माणूस बरा. कमरोद्दीन साहेबांना घरी बसवायचा हुकूम वरून यायच्या बेतात होता. तात्यासाहेबांनी वर सांगितलं, नवा माणूस कच्चा आहे, तो तयार होईस्तोवर जुन्याला राहू द्या. असे साहेब आपल्याच वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

दोघांत खूण ठरली. साहेबांची लाल, काळ्या गोंड्याची रूमी टोपी डोक्यावर असली तर चालू दे. काढून बाकावर ठेवली तर थांब, पोरं हरवली, मागं जाऊन त्यांना घेऊन ये. तास संपला की आवारातल्या कडुलिंबाखाली त्यांच्या बेगम गौहरबींनी दिलेली नानखटाई खात साहेब रामकिसनला सोलून काढत.

“फळ्याशी बोलू नको, रामकिसन मियाँ. त्याला गणित येतं. मी शिकवलंय त्याला.”

आणि एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली. प्रश्न विचारला की गप बसायचं. ती शांतता तुला खायला उठते, म्हणून तू स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतोस. देऊ नको. समोरचा त्या शांततेतच शिकतो.

रामकिसन शिकला. दिवाळीनंतर तर टोपी निघेनाच. गौहरबींना घरी ती काढायला खोबरेल लागायचं म्हणतात.

मग तात्यासाहेबांनी त्याला बोलावून पाठ थोपटली. तुम्ही तयार झालात, आता साहेबांना मोकळं करू, म्हणाले. रामकिसनचं तोंड कडू झालं. मोकळं झाल्यावर कुठं जाणार, असं त्यानं साहेबांना मागं एकदा विचारलं होतं. लेकीकडं, हैदराबादला, अजराच्या दारात बसून सडक बघत बसेन, असं ते म्हणाले होते. कबरीची जागा दाखवावी तसं.

दुसऱ्या दिवशी रामकिसननं उदाहरण सोडवताना मुद्दाम एक पायरी गाळली. टोपी निघाली. त्याच्या जिवात जीव आला. पुढच्या आठवड्यात त्यानं आणखी एक गाळली, मग चुकीचं सूत्र लिहून पुसलं. तात्यासाहेबांनी व्हरांड्यातून जाता जाता ऐकलं आणि मान हलवली. अजून कच्चाच. हिवाळा तसाच निघून गेला, नानखटाई खाण्यात.

पहिल्या बाकावर पुंजाराम बसायचा. मिशा भरलेला, बायकोपोरांचा धनी. रझाकारांच्या धामधुमीत शिक्षण सुटलं होतं, ते त्यानं वय विसरून पुन्हा धरलं होतं. सर बोलतील ते त्याला खरं. एका दुपारी तो लिंबाखाली आला आणि दोघांच्याही पाया पडला.

“येतो, सर. घरी चाललो. माझं डोस्कं या कामाचं नाय. तुम्ही सांगता तवा कळल्यावानी वाटतं. तेच फिरून सांगता तवा समदं उलटं व्हतं. वर्गात बाकीच्यायला कळतंय, मलाच नाय.”

रामकिसननं तोंड उघडलं. शेजारी साहेब होते. त्यानं तोंड मिटलं. पुंजाराम फाटकाबाहेर गेला.

साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“खरं चुकणाऱ्याचा खडू थरथरतो, मियाँ. तुझा थरथरत नव्हता. मला पहिल्याच दिवशी दिसलं.”

रामकिसननं हातातली नानखटाई खाली ठेवली.

“दिसलं, आणि मी टोपी काढत राहिलो. मलाही त्या बाकावरून उठायचं नव्हतं. आता सांग. पुंजारामचं काय?”

एवढं विचारून साहेब गप बसले. नेहमीसारखेच, उत्तराची वाट बघत. झाडावरची पाखरं उडाली, परत आली. मग साहेब उठले, तात्यासाहेबांच्या खोलीत गेले आणि नवा माणूस कधीच तयार झालाय, असं स्वतःच्या तोंडानं सांगून आले. आठवड्याच्या आत त्यांच्या दाराला कुलूप होतं. निरोपाला त्यांनी रामकिसनला बोलावलं नाही.

रविवारी रामकिसन पुंजारामच्या गावी गेला. पुंजाराम बैलांना पेंड घालत होता. रामकिसननं सगळं सांगितलं. चुका माझ्या होत्या, मुद्दाम केल्या, कशासाठी केल्या तेही. तुझं डोकं चांगलं आहे, चल, म्हणाला. पुंजारामनं हात पुसले, त्याला बाजेवर बसवलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

“सर, माझं मन राखायला एवढ्या लांब आलात,” तो मायेनं म्हणाला. “असं कोन मुद्दाम चुकतं व्हय?”

रामकिसननं पुन्हा सांगून बघितलं. जितकं सांगावं तितका पुंजाराम हसायचा, आणि सरांच्या चांगुलपणावरचा त्याचा विश्वास वाढत जायचा. बैल मात्र पेंड खायचे थांबून ऐकत होते, असं म्हणतात. त्यांना पटलंही असेल.

सोमवारी रामकिसन वर्गात गेला. पहिल्या बाकावर एक जागा रिकामी, शेवटच्या बाकावर एक. वर्तुळ काढायला त्यानं हात वर नेला, आणि रेघेची दोन्ही टोकं जुळेनात. खडू थरथरत होता. थांब म्हणून सांगायला मागं कुणी नव्हतं, म्हणून तो शिकवत राहिला.